डीनचा चष्मा

त्या मंगळवारी सकाळी गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खुशीत होते. लंडनच्या ईलिंगहून निघायचं, पॅडिंग्टनला गाडी बदलायची आणि तासाभराने युनिव्हर्सिटीच्या गावी उतरायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. फोनवर मेल चाळत होते. सगळ्या स्टाफला एकदम येणारे मेल मी सहसा उघडत नाही. त्यांत पार्किंगचे नियम नाहीतर फायर अलार्मची चाचणी, याखेरीज काही नसतं. पण या मेलचा विषय 'दुःखद वार्ता' असा होता, म्हणून उघडला. 'भूगोल विभागातील प्रोफेसर सी.', पुढे एक आडनाव, 'यांचे काल निधन झाले हे कळवताना आम्हांला अत्यंत दुःख होत आहे...' मी मनातल्या मनात अरेरे म्हटलं आणि पुढचा मेल उघडला. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की भूगोलात या आडनावाचे कुणी प्रोफेसरच नाहीत. या आडनावाची एकच बाई तिथे आहे आणि तिला त्यांनी प्रोफेसर केलेलं नाही. आदल्याच आठवड्यात मी तिच्या उशाशी बसून आले होते. ती जाणार हे मला माहीत होतं. तरी त्या पदवीमागे माझी कॉरीन मला दिसली नाही...

फोन बघितला तर तिच्या बहिणीचे कॉल येऊन गेले होते. मी स्टेशनवर उतरले, चालत ऑफिसला आले, खोलीचं कुलूप काढत होते आणि दुसरा मेल आला. विषय, 'दुरुस्ती'. आधीच्या मेलमध्ये पदाचा उल्लेख अनवधानाने चुकीचा झाला असून तो कृपया 'डॉक्टर' असा वाचावा, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी दारातच उभी राहून तो पुन्हा वाचला. बाई गेली त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण मेल्यावर तासभर ती चुकून प्रोफेसर झाली होती, तर तेवढंही त्यांना बघवलं नाही. आज कितीतरी आठवडे उलटून गेलेत, मला अजून त्या पहिल्या मेलचं रडू येत नाही, दुसऱ्याचं येतं.

आपल्याकडे कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही आपण सर्रास प्रोफेसर म्हणतो. इथे तसं नाही. इथे लेक्चरर, मग सीनियर लेक्चरर, मग रीडर आणि सगळ्यांत वर प्रोफेसर. तिथवर फार थोडे पोचतात आणि पोचलेल्यांत कृष्णवर्णीय बाई शोधायची तर दुर्बीण लागेल. कॉरीन रीडरच्या पायरीवर इतकी वर्षं उभी होती, की तिच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होऊन तिला ख्रिसमसचं कार्ड पाठवायचा. तिचे आईवडील बार्बाडोसहून आलेले, वडिलांनी आयुष्यभर लंडनच्या बसगाड्या हाकल्या. ती जन्मली, वाढली आणि गेलीसुद्धा क्रॉयडनमध्येच. अभ्यास नद्यांचा. मोठ्या नावाजलेल्या नद्या नव्हेत, गावातून, रस्त्यांखालून, सुपरमार्केटच्या मागून जाणारे ओढे. ते कधी फुगतील, कुणाच्या घरात शिरतील, हे तिला कळायचं. तिच्या खोलीत दाराशी चिखलाने भरलेले गमबूट असायचे आणि सफाईवाल्या बाईशी त्यावरून तिचं लटकं भांडण चालायचं.

आमची ओळख झाली ती पदवीदान समारंभाच्या दिवशी. मी नागपूरहून शिकायला आलेली, नुकतीच इथे संख्याशास्त्राची लेक्चरर म्हणून लागलेली. सगळे शिक्षक गाऊन घालून रांगेत उभे होते. माझ्यापुढे एक उंच बाई, लालभडक डॉक्टरेटचा गाऊन, डोक्यावर मखमली टोपी. दारावरचा माणूस तिला अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, पालकांची बसायची सोय वरच्या गॅलरीत केली आहे." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मात्र अजिबात चिडली नाही. आपल्या गाऊनकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "मला वाटलं होतं, या रंगात तरी मी दिसेन." तो माणूस लालबुंद झाला. मग ती माझ्याकडे वळली. "तू गणितवाली ना? गुरुवारी दुपारी काय करतेस?" बोलणं अर्थातच इंग्रजीत, पण मला तिचं सगळं मराठीतच आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

गुरुवारी दुपारी तिच्या खोलीत भात शिजायचा. खोलीत विजेचा कुकर ठेवायला सक्त मनाई होती, म्हणून तो नकाशांच्या कपाटात ठेवलेला. राजमा घातलेला, नारळाच्या दुधातला भात, आणि त्यावर तिची ती जीवघेणी मिरचीची सॉस. मी पहिल्यांदा लसणाची चटणी नेली तेव्हा तिने एक चमचा तोंडात टाकला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि माझा डबा स्वतःकडे ओढून घेतला. आख्ख्या युनिव्हर्सिटीतले कृष्णवर्णीय शिक्षक त्या एका टेबलाभोवती मावायचे, हे लिहितानाही मला लाज वाटते, आणि ती माझी लाज नव्हे. पहिल्या गुरुवारी अर्थशास्त्राच्या क्वामेने मला बघून सरळ विचारलं, "ही इथे का?" क्वामे मूळचा घानाचा, पोटात एक ओठांत एक असं त्याला जमत नाही. मी उठायला लागले. खरंच होतं त्याचं. मला इथे जे वाट्याला येतं ते वेगळं आणि त्यांच्या वाट्याला येतं ते वेगळं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. माझं नाव चुकीचं उच्चारतात. तिला तिच्याच बिल्डिंगमध्ये ओळखपत्र मागतात. कॉरीन भात वाढत म्हणाली, "चेहरा बघ तिचा. आपल्याला डीन मिळाला."

ही डीनची भानगड सांगायला हवी, कारण कॉरीन म्हणजे तीच. या टेबलाचा एक रिवाज होता. आपल्यापैकी कुणालाही बोलावणं आलं, मग ते प्रमोशनसाठी असो, एखाद्या विद्यार्थ्याच्या तक्रारीवरून असो की वार्षिक मूल्यमापन असो, त्याने आधीच्या गुरुवारी टेबलासमोर बसायचं आणि समोर आपल्यातलंच कुणीतरी डीन, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख, होऊन बसायचं. तालीम करायची. डीन होणाऱ्याने एक चष्मा लावायचा. काळ्या जाड काड्यांची पुरुषी फ्रेम, काचा नसलेली, लेक्चर हॉलमधल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात वर्षानुवर्षं पडून होती. "कुणीतरी परीक्षक विसरून गेलाय," कॉरीन म्हणायची, "तेव्हापासून न बघताच मार्क देतोय." तो चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला की ही हसरी बाई कुठच्या कुठे जायची. ती तुमचं नाव चुकवायची. तुम्ही वाक्य सुरू केलंत की घड्याळाकडे बघायची. तुम्हांला तिसऱ्याच कुणा कृष्णवर्णीय बाईच्या नावाने हाक मारून, तिच्या कामाबद्दल तुमचं अभिनंदन करायची. 'तुमचा सूर जरा चढा वाटतो,' असं तुम्ही कुजबुजत असताना म्हणायची. पोट धरून हसायचो आम्ही. आणि प्रत्यक्ष खोलीत जेव्हा तसंच घडायचं, अगदी शब्द न शब्द, तेव्हा माणूस कोसळायचा नाही. त्याला आतून हसू यायचं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आमच्यापैकी कुणीतरी पेपर तपासत बसलेलं असायचंच. बाहेर येणाऱ्याला पहिला चेहरा आपला दिसला पाहिजे, हा तिचा दुसरा नियम.

हळूहळू तो चष्मा माझ्याकडे आला. "माझ्या चेहऱ्यावर सगळ्यांना दया दिसते," कॉरीन म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यावर नकार छान शोभतो." आमच्या नागपूरच्या घरात वडील शाळामास्तर आणि आजोबाही शाळामास्तर, तेव्हा हा चेहरा मला वारसाहक्काने मिळालेला. मी चष्मा लावला की क्वामेसुद्धा सरळ बसायचा. म्हणजे बघा, त्या टेबलावर मला जागा मिळाली ती विरोधी पक्षाची. पण माझी अशी हक्काची जागा मला या देशात दुसरीकडे कुठेच नव्हती, म्हणून ती मी जिवापाड जपली. कॉरीन तर मला नावाने हाक मारायचीच नाही. सकाळी पॅडिंग्टनच्या फलाटावर लांबूनच हात हलवायची, "गुड मॉर्निंग, डीन!" आणि आजूबाजूचे सूटवाले माझ्याकडे वळून बघायचे.

एजवेअरला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. तिथे आमच्या ओळखीच्या एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं वंदना, तू त्या ब्लॅक लोकांच्या ग्रुपमध्ये काय करतेस? डोन्ट माइंड हं, पण आपण कशाला उगाच लेबल लावून घ्यायचं? आपलं प्रोफाइल वेगळं आहे ना." हातात तिळगूळ होता म्हणून मी गोड बोलले. एवढंच म्हणाले, "माझं लग्न ठरत होतं ना, तेव्हा आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचे, मुलगी हुशार आहे, रंगाने जरा कमी आहे. ते लेबल मी काही लावून घेतलं नव्हतं." त्या बाई वाण घेऊन दुसरीकडे गेल्या. गुरुवारी हे सगळं मी कॉरीनला सांगितलं. आधी ती खूप हसली. मग तिने विचारलं, "रंगाने कमी? कमी म्हणजे किती कमी? माझ्याएवढी?" मी डब्याचं झाकण लावत बसले.  आमच्या मैत्रीत अशा काही जागा होत्या, जिथे आम्ही दोघी थांबायचो आणि मग तिथून वळसा घालून पुढे जायचो. ती कधी त्यावरून बोलली नाही, पण विसरलीही नसावी.

तिचं दार कायम उघडं असायचं, आणि त्या दारानेच तिला खाल्लं, असं माझं मत आहे. कुठल्याही विभागातला कृष्णवर्णीय विद्यार्थी असो, तो शेवटी तिच्याकडे यायचा. कायद्याचा, नर्सिंगचा, संगीताचा. वसतिगृहात दारावर कुणी काही लिहून गेलंय, शिक्षक म्हणतात हा निबंध तू लिहिलेला वाटत नाही, घरी परत जावंसं वाटतं... त्यांच्या विभागांत रीतसर नेमलेले ट्यूटर होते, पण ठोठावावंसं वाटेल असं दार नव्हतं. त्यात युनिव्हर्सिटीने तिला प्रत्येक समितीवर घेतलं. समानता समिती, स्वागत समिती, नेमणुकांची समिती. माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचा हसरा फोटो असायचा. क्वामे तो फोटो तिच्यापुढे नाचवून ओरडायचा, "तुझे ओढे कुठे आहेत? तुझं पुस्तक कुठे आहे? हे लोक तुला भिंतीवर टांगतायत आणि तू टांगून घेतेयस!" ती म्हणायची, "मग त्या पोरीला दारातून परत पाठवू? तू पाठव." क्वामे फोटो खाली ठेवायचा.  तिचं ओढ्यांवरचं पुस्तक शेवटच्या दोन प्रकरणांसाठी खोळंबून राहिलं.

शेवटी आम्हीच तिच्या मागे लागून तिला प्रोफेसरपदासाठी अर्ज करायला लावला. तिला ते हवं होतं. हे स्पष्ट लिहिते, कारण शोकसभेत सगळे म्हणाले की तिला पदाची हाव नव्हती. हाव नव्हती, पण हवं होतं! तिचे वडील तेव्हा हयात होते, नव्वदीला टेकलेले, आणि बसमध्ये वर्दीवर लावायचा त्यांचा बिल्ला अजून पॉलिश करून ठेवणारे. "बाबांना एकदा दारावरची पाटी दाखवायची आहे," हे ती मला पॅडिंग्टनच्या बाकावर म्हणाली होती. आम्ही जोरदार तालीम केली. मी माझ्या आयुष्यातला सगळ्यांत नतद्रष्ट डीन उभा केला. तिचं नाव चार तऱ्हांनी चुकवलं, पुस्तकाबद्दल खवचट प्रश्न विचारले, ती बोलत असताना फोन उचलून जेवणाची ऑर्डर दिली. ती जागची हलली नाही. तिची उत्तरं अशी ठाम, अशी नेमकी होती की क्वामेने टेबलावर थाप मारली. "आता त्यांनी काहीही करू दे," तो म्हणाला.

त्यांनी काय केलं, तर ते तिच्याशी फार प्रेमाने वागले.

कॉरिडॉरमध्ये मी बसले होते. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं, झालं काम. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ते खूप छान बोलले." तिचं नाव त्यांनी अचूक उच्चारलं होतं. तिच्यासाठी खुर्ची ओढली, चहा विचारला. म्हणाले, तुमच्याशिवाय या संस्थेची कल्पनाच करवत नाही. तुम्ही इथलं हृदय आहात. किती विद्यार्थी केवळ तुमच्यामुळे इथे टिकले. तुमचं हे काम इतकं मोलाचं आहे की संशोधनाला वेळ मिळाला नसणार हे आम्ही समजू शकतो... आणि मग तिघांनीही सहानुभूतीने माना हलवल्या. "आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं. "थँक यू म्हणाले," ती म्हणाली. "डीन, मला दुसरं काही सुचलंच नाही. ते चांगलं बोलत होते ना. आपल्या तालमीत हे नव्हतं."

खरंच नव्हतं. अपमान कसा पचवायचा याची आम्ही वर्षानुवर्षं तालीम केली, कौतुक कसं परतवायचं याची एकदाही केली नाही. आमच्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी कुणाला डीनकडून कौतुक कधी मिळालंच नव्हतं, तर ते तालमीत येणार कुठून? गोड बोलून वाटेला लावणं ही कला मला तरी ठाऊक असायला हवी होती असं लोक म्हणतील; आपल्याकडे सोयरिकी अशाच मोडतात. पण मी या विषयावर पुरेसा विचार केला आहे आणि माझा राग माझ्यावर नाही, त्या तिघांवर आहे. निकालाचा मेलही गोडच होता. 'या खेपेस नाही'. विद्यार्थ्यांना सांभाळण्याचं काम त्यांनीच तिच्यावर टाकलं आणि त्याच कामाचं कारण देऊन तिच्या तोंडाला पानं पुसली. त्या हिवाळ्यात तिचे वडील गेले, पाटी न बघता.

नंतर ती बदलली असं म्हणता येणार नाही. दार उघडंच राहिलं, भात शिजत राहिला. फक्त ती दुसऱ्यांच्या तालमीत मध्येच हरवायची. जिने चढताना थांबायची आणि म्हणायची, दमले गं. आम्ही सगळेच दमलेले असायचो, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. कॅन्सर कळला तेव्हा तो पसरलेला होता. पगारी रजेवर असतानाही समानता समितीचे मेल तिला येत राहिले, आणि ती काहींना उत्तरंही देत राहिली, यावरून मी तिच्याशी कडाक्याचं भांडले. आजारी माणसाशी भांडू नये हे मला कळतं, पण तिच्याशी हळू आवाजात बोललं की ती म्हणायची, "असं बोलू नकोस, मी मेल्यासारखं वाटतं."

शेवटची भेट तिच्या क्रॉयडनच्या फ्लॅटमधली. खिडकीखालून ट्राम जायची आणि तिच्या औषधांच्या बाटल्या कपाटावर किणकिणायच्या. बहीण आत सूप करत होती. कॉरीनचे हात काटक्यांसारखे झाले होते, पण मला बघून तिने आधी विचारलं, "चष्मा आणलास?" तिने आदल्या दिवशी बहिणीकडून मला निरोप पाठवला होता, म्हणून मी तो तिच्या युनिव्हर्सिटीतल्या खोलीतून आणला होता. "लाव," ती म्हणाली. "आणि आज गोड बोलायचं. ते बोलले तसं." मी म्हटलं, "कॉरीन, आता कशाला..." "डीन असे कुरकुरत नाहीत. बोल."

मी चष्मा लावला. नाकाच्या शेंड्यावर आणला. म्हटलं, "कॉरीन, तुमच्याशिवाय आम्ही या संस्थेची कल्पनाच करू शकत नाही." तिने डोळे मिटले. "पुढे." "तुम्ही इथलं हृदय आहात. किती मुलं केवळ तुमच्यामुळे..." माझा आवाज फुटला. हे सगळं खरं होतं हो. त्या तिघांच्या तोंडून आलं म्हणून ते खोटं थोडंच झालं होतं? मला तिला हे कधीचं सांगायचं होतं आणि सांगायला मला तो फुटका डीन व्हावं लागत होतं. ती डोळे न उघडता म्हणाली, "डीन रडत नाहीत, वंदना." इतक्या वर्षांत तिने मला नावाने मारलेली ती पहिली हाक. मग तिने हात उचलला, एक बोट त्या चष्म्याच्या रिकाम्या गोलातून आत घातलं आणि माझा डोळा पुसला. "बघ. म्हणून तर काचा बसवल्या नाहीत." आणि जरा दम खाऊन, अगदी तिच्या तालमीतल्या खणखणीत आवाजात नव्हे, पण त्याच सुरात म्हणाली, "थँक यू. आता हेच सगळं, मला प्रोफेसर करण्याचं कारण म्हणून पुन्हा बोला." आणि ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. बघतच राहिली, मी नजर खाली घेईपर्यंत. "उशिरा सुचलं," ती म्हणाली. ट्राम गेली. बाटल्या वाजल्या. ती झोपली, आणि मी तशीच, चष्मा लावून, सूप येईपर्यंत बसून राहिले.

ती गेल्याचा मेल आला त्या रात्री माझी मुलगी ईशा, जी इथेच जन्मली आणि जिचं मराठी घरापुरतं आहे, मला म्हणाली, "आई, शी वॉज युअर बेस्ट फ्रेंड ना? तू मला कधी सांगितलं नाही." मीसुद्धा स्वतःला ते तोवर सांगितलं नव्हतं.

शोकसभा मोठ्या हॉलमध्ये झाली. कुलगुरू बोलले. ती या संस्थेचं हृदय होती, असंच म्हणाले. शब्द तोच आला, मी ऐकला. तिच्या नावाचा एक बाक तलावाकाठी बसवणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. क्वामे उठून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं तो आठवण सांगणार. त्याने एवढंच विचारलं, "त्या बाकावर नावाआधी काय लिहिणार?" कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. कुलगुरू म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आपण यावर जरूर विचार करू. नंतर कॉफी आणि छोटे छोटे केक होते. तिच्या विद्यार्थ्यांनी एकही केक खाल्ला नाही.

खोली महिन्याच्या आत दुसऱ्याला मिळाली. गमबूट बहिणीने नेले, कुकर क्वामेने आपल्या कपाटात लपवला. चष्मा माझ्याकडे आहे. गुरुवार आता क्वामेच्या खोलीत होतो. ती इतकी अरुंद आहे की दोघांना उभ्याने जेवावं लागतं, आणि क्वामेचा भात दर वेळी तळाला लागतो. आम्ही तो निमूटपणे खातो. कुणीच म्हणत नाही की आता हे बंद करू या, पण पहिल्या दोन गुरुवारी सगळ्यांच्या मनात ते होतं, मला कळत होतं. टेबल तिचं होतं. ती नाही तर आम्ही कोण, वेगवेगळ्या विभागांतली, एकमेकांचे विषय न कळणारी माणसं...

गेल्या गुरुवारी नाओमी आली. ती बर्मिंगहॅमची, मानसशास्त्रात नवीन लागलेली, कॉरीननेच हाताला धरून टेबलावर आणलेली. तिला डीनने भेटायला बोलावलं होतं. कशासाठी, हे तिने जरा लाजतच सांगितलं. कॉरीनच्या जागी समानता समितीवर आणि स्वागत समितीवर तिने यावं, विद्यार्थ्यांसाठी तिने दार उघडं ठेवावं, असं त्यांना वाटतं. "ते म्हणाले, आय अ‍ॅम अ नॅचरल, हे माझ्या अंगातच आहे," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. क्वामेच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. या पोरीची नोकरी अजून कायमसुद्धा झालेली नाही. तिचा पहिला पेपर अर्धा लिहून झाला आहे. ती हो म्हणाली तर तो तसाच राहील आणि आणखी वीस वर्षांनी एक बाक तिचाही बसेल.

मी पिशवीतून चष्मा काढला. नाओमी हसली, तिला वाटलं आता मी नाव चुकवणार, घड्याळ बघणार. मी तिचं नाव अचूक घेतलं. तिला बसायला सांगितलं, चहा विचारला. म्हटलं, "नाओमी, तुमच्यात माणसांना जवळ करण्याची दुर्मीळ देणगी आहे. विद्यार्थी तुमच्यावर विश्वास ठेवतात. कॉरीन गेल्यावर आम्हांला दुसरं कुणी सुचलंच नाही." मी थापा मारत नव्हते. एकेक शब्द मनापासूनचा होता. बघता बघता तिचे डोळे भरून आले. "थँक यू," ती म्हणाली. आणि मग डीनला नव्हे, मला विचारलं, "वंदना, यू मीन इट? इथे आल्यापासून मला कुणीच असं काही बोललं नाहीये..."

"मनापासून बोलतेय," मी म्हटलं. "तेही कदाचित मनापासून बोलतील. त्यापासूनच तर सावध राहायचं आहे." आणि कॉरीनने मला दिलेलं उत्तर, फक्त प्रोफेसर करण्याऐवजी नोकरी कायम करण्याचं कारण म्हणून असं बदलून, ती बघत राहिली होती तेवढ्या शांततेसकट, मी तिला दिलं. नाओमीने ते हळूच स्वतःशी म्हणून बघितलं. तिला जमेना. वाक्याच्या मध्यावर ती हसून सॉरी म्हणाली. क्वामेने भाताचं ताट बाजूला ठेवलं, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"पुन्हा," मी म्हटलं, आणि सुरुवातीपासून गोड बोलायला लागले. तुमच्याशिवाय या संस्थेची कल्पनाच करवत नाही, इथपर्यंत आले तेव्हा मला समोरचं नीट दिसेना. मी थांबले नाही. चष्माही काढला नाही. फ्रेममधून बोट आत घातलं, डोळा पुसला आणि नाओमीच्या उत्तराची वाट बघत राहिले.